शेरा

विद्यापीठाकडून तक्ता आलाय.
सेलूच्या केंद्राने शनिवारपर्यंत भरून द्यायचा:
विद्यार्थ्यांच्या यशापयशाची कारणे.
उपकरण आहे / नाही.
नेटचा वेग.
लॉगिनचे एकूण तास.
आणि सगळ्यात शेवटी, बोटभर रुंदीचा,
शेरा.

पहिलंच नाव ताहेरा पठाण.
लॉगिन दोनशे बारा तास. परीक्षेस गैरहजर.
तिच्या खाली चौघी,
अयोध्या खरात, गंगासागर हारकळ,
मथुरा गायके, शीलावती डख.
शून्य, शून्य, अकरा मिनिटं, शून्य.
चौघी पास.
संगणक या पाच ओळी लाल करून दाखवतो.
त्याला वाटतं, मीच आकडे उलटे भरलेत.

मार्चमध्ये गेलो होतो एकदा,
राहिलेले स्वाध्याय मागायला.
जिनिंगची पाळी सुटून तास झाला असेल.
लाईट गेलेली.
रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली, ओट्याच्या एका कोपऱ्यात,
म्हणून त्या कोपऱ्यात पाच जणी,
केसांत कापसाची पिंज तशीच,
मधे स्टीलचं पातेलं
आणि पातेल्यात फोन.

"आवाज मोठा होतो, सर," मथुरा म्हणाली,
मी विचारायच्या आत.

पातेल्याच्या तळातून कुणी प्राध्यापक
मौर्यांची करव्यवस्था सांगत होते,
विहिरीत उतरून बोलावं तसे.
"थांब गं, मागं घे. काय म्हणायलेत हे, षष्ठांश?"
ताहेरा अंगठ्याने त्यांना मागं घ्यायची.
ते बिचारे पुन्हा तेच, तितक्याच शांतपणे.
मला वर्गात असं तीनदा कुणी मागं घेतलं असतं
तर मी खडू टेकवून निघून गेलो असतो.

मग ताहेराने फोन थांबवला.
"सहावा हिस्सा. शंभर पोती झाली तर
सोळा राजाची, आणि वर थोडी."
"मुकादम कापतो तसं," गंगासागर.
हसल्या.
शीलावतीने हिशेबाच्या वहीमागे लिहून घेतलं,
सहावा हिस्सा, मुकादम.
ताहेराचं पोर पदराखाली झोपलेलं,
डास उडवायला तिचा दुसरा हात.

स्वाध्याय मागायचे राहूनच गेले त्या दिवशी.

परीक्षेच्या सकाळी चौघी टेम्पोत बसल्या.
ताहेरा आली ती पोराला काखेत घेऊन.
पोराचं अंग तव्यासारखं.
टेम्पोच्या फाळक्याला धरून म्हणाली,
"षष्ठांश विसरू नका गं."
आणि दवाखान्याकडे वळली.

प्रश्न आला. दहा गुणांना.

कालच फोन केला तिला.
म्हटलं, दिवाळीनंतर पुन्हा बसता येतं, फॉर्म भरून ठेवू.
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"भरा की, सर.
पण त्या चौघी तर तिसऱ्या वर्षाचं लावणार आता.
माझं दुसरं वर्ष कोण ऐकत बसंल?
मी एकटी ऐकते हो कधी कधी.
कळतं.
पण मागं घे म्हणणारं कुणी नसलं
की मी मागं घेतच नाही."

लिहायला सोपं आहे: नेटवर्कची अडचण.
गेल्या वर्षी तेच लिहिलं सोळा नावांपुढे,
वरून शाबासकी आली, अहवाल वेळेत म्हणून.

शेऱ्याच्या रकान्यात तीस अक्षरं मावतात.
"पोर आजारी" टाकून पाहिलं. खोडलं.
"चौघींना शिकवलं" टाकलं.
रकाना म्हणाला, अवैध नोंद.

तेव्हा पुन्हा वर गेलो, पहिल्या प्रश्नाशी.
उपकरण?
आहे.
फोन आहे, पातेलंही तिच्याचकडे आहे.

शनिवारी संध्याकाळी टाकीकडे जाऊन येईन म्हणतो.
वही घेऊन.
ओट्यावर एक जागा मोकळी असेल.